छताखालच्या आभाळाची परवानगी

ज्या गोष्टीला कोणाचीही परवानगी लागत नाही, अशी एक गोष्ट हनुवटीकाकांच्या आयुष्यात उतारवयात का होईना, पण आली होती. ती त्यांनी परवानगी मागून जवळजवळ घालवली.

हनुवटीकाका हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या आपल्या फोटो स्टुडिओत त्यांनी उभा जन्म पासपोर्ट साइझचे फोटो काढले आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला, मग तो बँकेचा मॅनेजर असो की शाळेत जाणारं पोर, "हनुवटी जरा वर. अं हं, एवढी नको, आपल्याला गर्व नाही दाखवायचा," असं सांगितलं. बाजारानं त्यांना हे नाव दिलं आणि काकांनी ते किताब मिळावा तसं घेतलं. पुढे लोकांच्या खिशात फोन आले, फोनांत कॅमेरे आले, आणि लोक आपापली हनुवटी आपणच वर करू लागले. हल्ली स्टुडिओची पायरी चढणारा माणूस बहुतेक वेळा शेजारचं चष्म्याचं दुकान कधी उघडतं ते विचारायला आलेला असे.

अशा दिवसांत मुलीचा फोन येई. जावयाचा दातांचा दवाखाना होता. "बाबा, दुकान देऊन टाका कुणाला तरी आणि आमच्याकडे काउंटरवर बसा. नुसतं नाव विचारायचं आणि 'बसा, बोलावतो' म्हणायचं. एसी आहे." मुलगी प्रेमानंच म्हणायची, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती. पण ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना मान वर करायला लावली, त्यानं आता गाल धरून मान खाली घालून बसलेल्यांचे नंबर पुकारायचे, ही कल्पनाच काकांना मानवत नसे. "बघू," एवढं ते म्हणत. पण बघू म्हणायलाही आता फारशी जागा उरली नव्हती. मोबाईलची कव्हरं विकणारा एक माणूस दुकान बघून गेला होता आणि महिनाअखेरीला हो की नाही ते त्याला सांगायचं होतं.

नेमकं त्याच सुमारास फर्निचरवाल्यांनी त्यांना बोलावलं. गावाबाहेरच्या एका जुन्या कापडछपाईच्या शेडमध्ये त्यांनी फर्निचरचं नवं दालन थाटलं होतं. आत बैठकीच्या खोल्या, निजायच्या खोल्या, स्वयंपाकघरं, सगळं अगदी राहत्या घरासारखं मांडलेलं. फक्त एकाही खोलीला छत नाही. भिंती माणसाच्या डोक्याहून थोड्या उंच, आणि वर सगळ्या घरांत मिळून शेडचा एकच पत्रा. फर्निचरवाल्यांना या घरातून त्या घरात भिंतींवरून अलगद फिरत जाणारी फिल्म हवी होती. "आवडली तर माझ्या बाकीच्या दालनांचं कामही तुमचंच," ते म्हणाले. "पण उद्घाटनाच्या आधी हवी. उशीर झाला तर मी दुसरा माणूस बघेन, राग मानू नका."

काकांनी स्टुडिओतले मोठे दिवे विकले आणि ड्रोन घेतला. चार पंखांचं, पोळीच्या तव्याएवढं यंत्र. ते बाहेर उडवायचं तर नोंदणी, प्रशिक्षण, परीक्षा, परवाना, असा सगळा संसार मांडावा लागतो, हे त्यांना माहीत होतं. पण त्याच नियमांच्या सुरुवातीला असं लिहिलं होतं की हे सारं मोकळ्या आकाशापुरतं. म्हणजे छताखाली, बंद जागेत, जागेचा मालक राजी असला आणि यंत्र कोणाच्या डोक्यावर पडणार नाही याची काळजी घेतली, की धंद्यासाठीसुद्धा खुशाल उडवावं. काकांनी ती ओळ स्वतः वाचली, काकूंना वाचून दाखवली आणि शेजारच्या चष्मेवाल्यालाही, तो चष्मेवाला असूनही, मोठ्यानं वाचून दाखवली.

"म्हणजे जिथे छत सुरू, तिथे कायदा संपला," चष्मेवाला म्हणाला. "मग तिथून पुढे कोण?"

"तिथून पुढे मी," काका म्हणाले. असं वाक्य म्हणायची संधी माणसाला रोज मिळत नाही. काकांची हनुवटी त्या दिवशी जराशी जास्तच वर होती.

सराव त्यांनी आधी स्टुडिओत केला. मोकळ्यावर हे यंत्र उपग्रहांकडे बघून एका जागी स्थिर राहतं, छताखाली त्याला उपग्रह दिसत नाहीत, ही गोष्ट काकांना यंत्र भिंतीकडे निघाल्यावर समजली. पंखांचा वारा असा सुटला की वाळत ठेवलेले, न नेलेले, नमुन्याला लावलेले सगळे पासपोर्ट फोटो एकदम हवेत उठले. बाजारातले सगळे गंभीर चेहरे स्टुडिओभर गिरक्या घेत होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोटो पंख्याच्या पात्यावर जाऊन बसला तो बसलाच. दुसरा सराव घरी झाला. त्यात बैठकीच्या खोलीतला पडदा यंत्रानं गिळला की पडद्यानं यंत्र गिळलं, यावर काका-काकूंचं आजतागायत एकमत नाही. मग त्यांनी चारी पंखांना जाळीची कडी बसवली आणि रोज सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून नेटानं सराव चालू ठेवला. हळूहळू यंत्र ऐकू लागलं. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीपर्यंत ते तरंगत जाई तेव्हा काकांना कित्येक वर्षांनी वाटे, की आपल्या हातात अजून काहीतरी आहे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण काकूंना ते कळलं होतं, कारण ते आंघोळीला जाताना पुन्हा गुणगुणायला लागले होते.

आणि मग एका रविवारी दादा आले.

दादा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. नोकरीभर नगरपालिकेच्या परवाना खात्यात होते. दुकानाच्या पाटीपासून हातगाडीच्या चाकापर्यंत गावातली एकही वस्तू अशी नव्हती जिला दादांच्या सहीशिवाय जगता आलं असतं. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती आणि वहिनी जाऊन दोन. मुलगा परदेशात. पण इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि तोंडी एकच प्रश्न, हा थाट कायम होता. तो प्रश्न त्यांनी ड्रोनची सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर विचारला.

"लेखी आहे?"

काकांनी नियमाचा कागद पुढे केला. दादांनी तो दोनदा वाचला. "यात नियम कुठे लागू आहे ते लिहिलंय. तुमच्या शेडला लागू नाही, असं कुठे लिहिलंय?"

"अहो दादा, मोकळ्या आकाशाला लागू म्हणजे शेडला नाही, हे उघड आहे."

"उघड आहे ते लेखी नसतं, आणि लेखी असतं ते उघड नसतं," दादा शांतपणे म्हणाले. "उद्या कोणी येऊन विचारलं, की हे कोणाच्या परवानगीनं? तर काय सांगाल? परवानगी लागत नाही असं तोंडी सांगाल? तोंडी तर चोरही सांगतो. परवानगी लागत नाही याचं पत्र आणू. मी येतो बरोबर. मला काय, वेळच वेळ आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण थोरल्या मेहुण्याला नाही म्हणणं हे विमान उडवण्याहून अवघड काम आहे, आणि काकूंनी चहाचा कप ठेवताना काकांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यात 'जा ना, काय बिघडतंय' एवढं स्पष्ट वाचता येत होतं. काका गेले.

आकाशाचा कारभार बघणारं ऑफिस एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं आणि त्याला खिडकी नव्हती. टेबलामागे बसलेल्या मॅडमनी काकांचं म्हणणं ऐकलं आणि फायलीतून मान वर न करता म्हणाल्या, "परवानगी लागत नाही."

काका उठलेसुद्धा. दादांनी त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं. "हेच लेखी मिळेल का?"

"जे लागत नाही ते आम्ही देत नाही."

"लागत नाही, असं द्या."

आता मॅडमनी मान वर केली. "कोणी सांगितलं तुम्हाला विचारायला?"

"कोणी नाही. आपणहून आलोय," दादा अभिमानानं म्हणाले.

मॅडमनी समोरची फाइल मिटली. आपणहून आलेला माणूस बहुधा त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा. मग म्हणाल्या, "'लागत नाही' असं लेखी हवं असेल, तर आधी 'लागते का' असं लेखी विचारावं लागेल."

दादांच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राहिलं. निवृत्त झाल्यापासून इतकं निर्मळ वाक्य त्यांच्या कानांवर पडलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे खिशाचं पेन काढलं आणि असा सुंदर अर्ज लिहिला की मॅडमनी तो दोन्ही हातांनी घेतला.

त्या अर्जानं काय केलं ते काकांना बाहेर आल्यावर उमजलं. अर्ज दिला म्हणजे प्रकरण उघडलं. प्रकरण उघडलं म्हणजे ते विचाराधीन झालं. आणि विचाराधीन गोष्ट करायची नसते, हे तर शेंबडं पोरही सांगेल. सकाळी काकांना कोणीही अडवू शकत नव्हतं; दुपारी ते स्वतःच स्वतःला अडवत होते.

तरीही काका गुपचूप उडवून मोकळे झाले असते. पण दादांनी सौजन्य म्हणून फर्निचरवाल्यांना फोन केला आणि "आपलं प्रकरण योग्य मार्गानं चाललं आहे, काळजी नसावी," असं कळवलं. फर्निचरवाल्यांना तोवर काळजी नव्हती. आता ती लागली. "प्रकरण? कसलं प्रकरण? मिटेपर्यंत शेडमध्ये पाऊल टाकू नका," ते काकांना म्हणाले. "आणि लवकर मिटवा. एक दुसरा माणूस येऊन भेटून गेलाय."

त्यानंतरचे दिवस काकांनी दात-ओठ खात काढले. दादांचं म्हणणं, एका खात्याचं पत्र येतं आहे तोवर बाकीच्या खात्यांची उत्तरं गोळा करून ठेवू. अग्निशमनवाल्यांनी विचारलं, "पेटतं का?" काका नाही म्हणाले. "मग आमच्याकडे का आलात?" पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी वही उघडून विचारलं, "भांडण कोणाशी झालं?" काकांना मेहुण्याचं नाव सांगायचा मोह झाला. विमावाल्या बाईंनी मात्र प्रेमानं समजावलं, की यंत्र खाली माणसावर पडलं तर विमा आहे, पण माणूस वर यंत्रावर पडला तर नाही. हे कसं घडेल ते त्यांनी सांगितलं नाही.

प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडलं की दादा समोरच्या टपरीवर चहा घेत. एक संपला की दुसरा. त्या दुसऱ्या कपावर ते आजच्या भेटीचा सविस्तर आढावा घेत, उद्या कुठे जायचं ते ठरवत, आणि काकांनी घड्याळाकडे पाहिलं की म्हणत, "घाई काय आहे?" घाई काय आहे! काकांच्या दुकानाचा प्राण कंठाशी आलेला, आणि हा माणूस बिस्कीट चहात बुडवून ते किती वेळ टिकतं ते बघतोय. घरी येऊन काका काकूंवर चिडले. "तुझ्या दादाला माझं दुकान बंद पाडायचंय का? जावयाकडून काउंटरचं कमिशन घेतलंय का त्यानं?" काकू भाजी निवडत होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "चार दिवस झाले, दादाचा आवाज बरा येतोय फोनवर." काकांना वाटलं, विषयाशी संबंध नसलेलं बोलण्यात बायकांचा हात कोणी धरणार नाही.

शेवटी मॅडमकडून निरोप आला. अर्जात जागा छताखाली आहे असं म्हटलं आहे. ती खरंच छताखाली आहे का, ते पाहायला त्या स्वतः येणार होत्या. उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि महिनाअखेरही. शेडमध्ये दादा कागदांची पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होते. काकूही आल्या होत्या. म्हणाल्या, तेवढीच नवीन स्वयंपाकघरं बघणं होईल.

मॅडमनी वर पाहिलं. पत्र्याच्या कडेला हवा खेळण्यासाठी झरोके होते आणि एका झरोक्यातून एक कबूतर आत आलं, आडव्या खांबावर बसलं आणि दुसऱ्यातून निघून गेलं.

"हे कबूतर आत्ता कुठे होतं?" मॅडमनी विचारलं.

"आत," फर्निचरवाले म्हणाले.

"आणि त्याआधी?"

"बाहेर."

"मग आकाश नेमकं कुठे संपलं?" मॅडमनी हे कोणालाच विचारलं नाही. त्या खरोखरच विचार करत होत्या. त्यांच्या त्या बिनखिडकीच्या ऑफिसात असा प्रश्न पडायला वाव नसावा. दादांनी लगेच उत्साहानं सुचवलं, की झरोक्यांपुरता एक वेगळा अर्ज करता येईल. आणि या खोल्यांना स्वतःचं छत नाही, तेव्हा निजायची खोली आत धरायची की बाहेर, यावरही खुलासा मागवावा. फर्निचरवाल्यांनी मटकन एका विक्रीच्या सोफ्यावर बसकण मारली.

"अर्ज नको," मॅडम म्हणाल्या. "उडवून दाखवा. बघू किती वर जातं, कुठे जातं. बाकीच्यांनी एकेका खोलीत बसा आणि हलू नका. कोणाच्या डोक्यावरून न्यायचं नाही."

काकांनी हात पुसले. फर्निचरवाले सोफ्यावर होतेच. काकू एका स्वयंपाकघरात शिरल्या. दादा पलीकडच्या कुठल्याशा खोलीत गेले. मॅडम काकांच्या शेजारी, यंत्राला वरून जे दिसेल ते दाखवणाऱ्या त्यांच्या हातातल्या पडद्यापाशी उभ्या राहिल्या. यंत्र उठलं, किंचित डुललं आणि स्थिर झालं. सकाळच्या अर्ध्या शटरमागच्या सरावाचं चीज झालं होतं.

पहिल्या मिनिटाला पंखांच्या वाऱ्यानं खुर्च्या-कपाटांना अडकवलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या सुटल्या आणि भिरभिरत खालच्या घराघरांत शिरल्या. 'हलू नका' हे विसरून फर्निचरवाले त्यांच्या मागे धावले. एका घराच्या पलंगाखाली शिरून ते दुसऱ्या घराच्या कपाटाआडून निघत होते, आणि एका पायपुसण्यावर कपाटाची किंमत येऊन बसलेली बघून त्यांनी कपाळावर हात मारला तोही पडद्यावर स्वच्छ दिसला. मॅडम हसल्या. काकांनी यंत्र फर्निचरवाल्यांपासून दूर वळवलं. खाली घरामागून घर सरकत होतं. एका स्वयंपाकघरात काकू एकेक खण उघडून, हळूच लोटून, पुन्हा उघडत होत्या. कोणाचं काही चोरून बघतोय असं वाटून काकांनी यंत्र भिंतीच्या जवळून पुढे नेलं.

पुढच्या खोलीत जेवणाचं मोठं टेबल होतं. काचेच्या ताटल्या, उपडे ग्लास, सगळ्या खुर्च्या मांडलेल्या. कडेच्या एका खुर्चीवर दादा बसले होते. समोरचा ग्लास त्यांनी सुलटा केला. मग शेजारच्या ताटलीपुढचाही सुलटा केला. ती ताटली जराशी सरकवून सरळ केली. मग हात लांब करून शेजारची रिकामी खुर्ची थोडी मागे ओढली, कोणी येऊन बसायचं असलं की ओढतात तशी. क्षणभर तसेच राहिले. आणि एकदम भानावर आल्यासारखी ती खुर्ची त्यांनी आत लोटली, ग्लास उपडा घातला, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. यंत्राची घरघर पत्र्याखाली सगळीकडून सारखीच घुमत होती; वर पाहायचं त्यांना सुचलं नाही. माणसाला ते सुचत नाही.

काकांचा अंगठा थबकला. एवढे नियम वाचले त्यांनी, मोकळ्या आकाशाचे आणि बंद जागेचे. पण उंची किती, वजन किती, हे सांगणाऱ्या त्या नियमांत वरून दिसलेल्या अशा गोष्टीचं काय करायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. टपरीवरचा दुसरा कप त्यांना आठवला. 'घाई काय आहे' आठवलं. इस्त्रीचा शर्ट आठवला. जेवायच्या वेळेला घरी जायचं, तर त्या घरात कोण आहे? गेले काही दिवस ज्या माणसाला आपण मनातल्या मनात शिव्या घालत होतो, तो परवानगी शोधत नव्हताच, तो दिवस शोधत होता. काकांना स्वतःची लाज वाटली आणि दादांविषयी इतकी माया दाटून आली की पडदा धूसर दिसायला लागला. मॅडमनीही तेच पाहिलं होतं.

यंत्र खाली उतरल्यावर सगळे जमले. फर्निचरवाल्यांच्या मुठीत चिठ्ठ्यांचा गुच्छ होता. मॅडम म्हणाल्या, "जागा छताखाली आहे. परवानगी लागत नाही. तसं पत्र एवढ्या एका वेळी देते, पुन्हा छताखालच्या कुठल्याही कामासाठी आमच्याकडे यायची गरज नाही. प्रकरण बंद."

"बंद?" दादा म्हणाले. "म्हणजे अग्निशमनचं उत्तर यायचंय अजून..."

"त्याचीही गरज नाही."

"झरोक्यांचं?"

"नाही हो काका," मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी कोणाला काका म्हटलं. दादांनी मान डोलावली, पेन खिशाला लावलं आणि पिशवीतले कागद एकसारखे करत बसले. ते आधीच एकसारखे होते.

त्या उड्डाणातूनच काकांनी केलेली फिल्म फर्निचरवाल्यांना आवडली. दोनच बदल सांगितले. चिठ्ठ्यांमागे धावणारा माणूस काढा, आणि जेवणाच्या टेबलाचं ते दृश्य काढा. "एवढं मोठं टेबल, आणि एकटाच माणूस. गिऱ्हाईक पळेल माझं." काकांनी ते काढलं. पुढच्या दालनाचं काम मात्र थोडं लांबलं. ते म्हणाले, आधी याची विक्री बघू. कव्हरवाल्याला काकांनी आणखी एक महिना थांबायला सांगितलं. दुकान तरलं होतं असं नाही, पण बुडालंही नव्हतं. आता दुसरं काम मिळायलाच हवं होतं.

काकूंना काकांनी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी काय कमी वेळा म्हटलं का, रोज इकडे जेवायला ये म्हणून? म्हणतो, कामाशिवाय रोज कोणाच्या दारात उभं राहू नये. सख्ख्या बहिणीच्यासुद्धा."

पुढच्या आठवड्यात दादा स्टुडिओत आले. बाकीच्या खात्यांच्या कागदांची पिशवी परत करायची होती. ती काउंटरवर ठेवून झाली, चष्मेवाल्याची चौकशी करून झाली, पंख्यावरच्या मुख्याध्यापकांकडे बघून झालं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "चला, निघतो. तुम्हाला कामं असतील," असं म्हणून ते दाराकडे वळले आणि तेवढ्यात एक बाई आत आल्या. त्यांचा बॅडमिंटनचा मोठा बंद हॉल होता. फर्निचरची फिल्म त्यांनी पाहिली होती. त्यांना आपल्या हॉलची तशी फिल्म हवी होती, शिवाय दर स्पर्धेचं वरून चित्रण. म्हणजे वर्षभर पुरेल एवढं काम.

"एकच सांगा," बाई म्हणाल्या, "परवानग्यांची भानगड नाही ना? मला घाई आहे. एका कंपनीनं परवाना लागेल म्हणून सांगितलं, त्यांना मी सरळ नको म्हटलं."

काकांनी तोंड उघडलं. उत्तर त्यांना पाठ होतं. मॅडमच्या सहीचं पत्र काउंटरच्या काचेखाली, सगळ्यांना दिसेल असं लावलेलं होतं. 'नाही' एवढं म्हणायचा अवकाश, की दुकान वाचलं, कव्हरवाला गेला, दातांचा दवाखाना गेला. दारात दादा चपला पायात सरकवत होते. पाठमोरे. त्यांना ऐकू जात होतंच.

"लागते," काका म्हणाले. "चांगलीच लागते. बऱ्याच ठिकाणी जावं लागतं. थोडा वेळ जाईल, पण त्याशिवाय मी हात लावत नाही."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पर्स खांद्याला लावली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. या बाई आता निघून जाणार आणि आपण दाढ दुखणाऱ्यांना 'बसा, बोलावतो' म्हणत आयुष्य काढणार, हे काकांना अगदी समोर दिसत होतं.

दादा दारातून मागे वळले होते. मॅडमचं वाक्य त्या शेडमध्ये त्यांनीही ऐकलं होतं, आणि नोकरीभर त्यांनी एक खोटा शब्द कागदावर जाऊ दिला नव्हता. त्यांनी काचेखालच्या पत्राकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. काकांनी नजर चुकवली नाही.

दादांनी पायातल्या चपला काढल्या, आत आले, कोपऱ्यातली फोटोची खुर्ची ओढून काउंटरपाशी बसले आणि खिशाचं पेन काढलं.

"बसा बाई," ते म्हणाले. "घाबरू नका, माझ्यावर सोपवा. आधी मला सांगा, तुमच्या हॉलचं छत किती उंच आहे?"